उरलेली टेप

भाचीनं माझ्या मोबाइलवर गाण्यांचं ॲप टाकून दिलं. उघडल्या उघडल्या त्यानं फर्मावलं, 'आवडते कलाकार निवडा. किमान तीन.' खाली गोल गोल फोटो. मी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि विचारात पडलो. बायको म्हणाली, "अहो, मला बघायला आलात तेव्हासुद्धा एवढा वेळ घेतला नव्हतात." खरं आहे. तेव्हा निवडायचं काम वडिलांनी केलं होतं, मी फक्त पोहे खाल्ले होते.

गाण्यांच्या बाबतीतही माझं आयुष्य याच पद्धतीनं गेलं आहे. आणि मला दाट संशय आहे की सगळ्यांचंच जातं. माणूस छातीठोकपणे 'हे माझं आवडतं गाणं' म्हणून जे सांगतो, ते मुळात दुसऱ्या कुणीतरी त्याच्या संमतीशिवाय त्याच्या कानात घातलेलं असतं. रेडिओवरचा 'आपली आवड' हा कार्यक्रम आठवून बघा. आवड कुठल्या तरी लांबच्या गावातल्या कुटुंबाची. त्यातल्या आजोबांपासून बाळापर्यंतची नावं वाचताना निवेदिकेला धाप लागायची. आणि ऐकायचं आपण, ताटावर बसून, तोंडात घास असताना. बोलायची सोय नाही. पुढे तीच गाणी आपण 'आमच्या वेळची' म्हणून मिरवतो.

माझ्या कानांवरचा पहिला अंमल मामांचा. ते नाशिकला पंचवटीत राहत आणि त्यांच्याकडे रेकॉर्ड प्लेअर होता. रेकॉर्ड लावायची म्हणजे आधी हात धुवायचे, कोरडे करायचे, तबकडी कडेनं धरून मखमलीच्या तुकड्यानं पुसायची, सुई ठेवायची आणि मग घरातल्या सगळ्यांवरून एकदा करडी नजर फिरवायची. कुणी पाय आपटत चाललं तर सुई उडे. त्या घरात वाढलेली मुलं आज पन्नाशी ओलांडून गेली तरी घरात शिरताना पाय वाजवत नाहीत.

मामा लावायचे ते गीतरामायण. 1955 च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर गदिमा आणि बाबूजींची ही मालिका सुरू झाली, ती वर्षभर चालली. मधे अधिक महिना आला म्हणून 52 ची गाणी 56 झाली. अधिक महिना दरवर्षी का येत नाही, ही मामांची पंचांगकर्त्यांबद्दलची कायमची तक्रार होती. बाकी महाराष्ट्रानं गीतरामायण भक्तिभावानं ऐकलं. पंचवटीत मात्र त्याला स्थानिक बातम्यांचा दर्जा होता. शूर्पणखा आली, कांचनमृग दिसला, सीतेला रावणानं पळवलं, हे सगळं आमच्या वॉर्डातलं प्रकरण. "इथूनच," मामी पोळ्या करता करता खिडकीबाहेर लाटणं दाखवून सांगायची, "त्या वडाच्या मागून." सीतागुंफेपाशी दोन रिक्षावाले भाड्यावरून हमरीतुमरीवर आले की मामा म्हणत, "चालायचंच. अरण्यकांड आहे." मला गीतरामायणाची गोडी लागली नाही, लावली गेली. पण लावणाऱ्याचा हात पक्का होता.

दुसरा अंमल रेकॉर्डिंगवाल्या काकांचा. याबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचं आहे.

ऐंशीच्या दशकात कंपनीची कॅसेट विकत घेणं ही चैन होती आणि थोडा मूर्खपणाही, कारण तिच्यात दोन गाणी कामाची आणि बाकीची नुसती वऱ्हाडी. त्यापेक्षा कोरी कॅसेट घ्यायची, फुलस्केपवर आपल्या गाण्यांची यादी करायची आणि कॅसेट भरून आणायची. मेन रोडच्या एका बोळात असं भरून देणारं दुकान होतं. या धंद्याला कायद्याच्या पुस्तकात काय म्हणतात ते आम्हाला ठाऊक नव्हतं. आमच्या लेखी ती पिठाच्या गिरणीइतकीच सभ्य सोय होती: डबा ठेवायचा, नंबर लावायचा, संध्याकाळी न्यायला यायचं.

दुकान जेमतेम एक खाट मावेल एवढं. मागच्या भिंतीला छतापर्यंत तबकड्या. पुढे वायरींनी एकमेकांना जखडलेले दोन डेक. टेबलावर स्पिरिटची बाटली, कापूस आणि एक षटकोनी पेन्सिल. ही पेन्सिल लिहायची नव्हे. कॅसेटच्या दातेरी चाकात ती नेमकी बसते आणि सैल पडलेली टेप तिनं गुंडाळता येते. एखाद्या गिऱ्हाइकाच्या कॅसेटची आतडी बाहेर आलेली असत. काका ती बोटांवर घेऊन सरळ करत, पीळ काढत आणि पेन्सिल फिरवत एकेक वीत आत घालत. तेवढा वेळ ते गिऱ्हाईक पायरीवर चप्पल काढून उभं असे. कुणी सांगितलेलं नसताना.

काका नुसती कॅसेट भरून देणाऱ्यांतले नव्हते. ते यादी तपासत. लाल पेनानं. "आरडीची लागोपाठ चार? तिसऱ्याला कान बधिर होतील. मधे एक मदनमोहन घालतो." "हे किशोरचं रडकं, हेही किशोरचं रडकं. नापास झालास का रे?" एकदा मी एकाच बाजूला दोन भैरवीतली गाणी लिहिली होती. काकांनी पेनला टोपण लावलं. "भैरवी झाली की माणूस उठतो. तू त्याला परत बसवणार आणि परत उठवणार? पाठ धरेल की त्याची." भैरवी एकच राहिली आणि तीही शेवटाला गेली. मी पैसे देणारा गिऱ्हाईक होतो, ही गोष्ट त्या दुकानात मला कधी जाणवू दिली गेली नाही.

साठच्या कॅसेटची एक बाजू 30 मिनिटांची. साडेतीन-चार मिनिटांची सात-आठ गाणी बसली की शेवटाला दीड-दोन मिनिटांची टेप उरे. ती कोरी सोडणं काकांच्या संस्कारात बसत नसे. त्या उरलेल्या टेपवर ते स्वतःच्या मर्जीचं काहीतरी भरत. विचारत नसत, जादा पैसेही घेत नसत. माझ्या कॅसेटींवर काय होई, तर आशाबाईंचं झिंगलेलं कॅब्रे संपे, क्षणभर खरखर, आणि एकाएकी तंबोरा ऐकू येई. मग एक स्वच्छ, कोवळा, कुठेही जोर न लावणारा आवाज रामाचं भजन गाऊ लागे. एक अंतरा होई. दुसरा निम्म्यावर येई. आणि खट्. टेप संपली.

तो आवाज दत्तात्रेय विष्णु पलुस्करांचा, म्हणजे बापूरावांचा. मूळ तबकडी 78 फेऱ्यांची, एका बाजूला साडेतीन मिनिटं मिळाली तरी डोक्यावरून पाणी. त्या काळच्या गवयांनी तास-तासाचा पसारा त्या साडेतीन मिनिटांत आवरून बसवला. काहींच्या आवाजात गाडी सुटायची घाई ऐकू येते. बापूरावांच्या गाण्यात घाई नावाला नाही. आलाप स्वस्थ, बोल स्वस्थ, आणि तरी सगळं सांगून मोकळे. असं त्यांनी साडेतीन मिनिटांत बसवलेलं काकांनी दीडमध्ये बसवलं, एवढंच.

सुरुवातीला तंबोरा वाजला की मी धावत जाऊन कॅसेट उलटी करायचो. एकदा हाताला कणीक होती म्हणून जाता आलं नाही (आई गावाला गेली होती, पोळ्यांचा प्रयोग चालू होता). ऐकावं लागलं. पुढच्या खेपेला हाताला काही नव्हतं, तरी उठलो नाही. मग हळूहळू अशी वेळ आली की बाजू लावायची आरडीसाठी आणि थांबायचं बापूरावांसाठी. गंमत पुढे झाली. बऱ्याच वर्षांनी ते भजन सबंध हाती आलं. शांतपणे डोळे मिटून ऐकायला बसलो आणि दुसऱ्या अंतऱ्याच्या मध्यावर सवयीनं उठून उभा राहिलो. उरलेलं गाणं मला आजही जरा आगंतुक वाटतं. बापूरावांची क्षमा मागून सांगतो, माझ्या मते काकांनी ते योग्य जागी संपवलं होतं.

मी एकदा धीर करून विचारलं, "काका, हे तुम्ही सगळ्यांच्याच कॅसेटवर भरता?"

"सगळ्यांच्या कशाला? गझलवाल्यांना बालगंधर्व. मिथुनवाल्यांना कुमार."

"आणि मला पलुस्कर का?"

काका डेकचं बटण दाबत म्हणाले, "तू नाशिकचा ना?"

तेव्हा कुठे खुलासा झाला. विष्णु दिगंबर पलुस्कर, ज्यांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, संस्थानिकांच्या दिवाणखान्यातलं गाणं तिकीट लावून चारचौघांपुढे आणलं, ते आयुष्याच्या उत्तरार्धात नाशिकला आले. इथे त्यांचा रामनाम आधार आश्रम होता. बापूराव 28 मे 1921 रोजी इथेच जन्मले. दहा वर्षांचे असताना वडील गेले. पुढची तालीम वडिलांच्या शिष्यांकडे झाली, नाव झालं, तबकड्या घराघरांत गेल्या आणि 1955 मध्ये मेंदूच्या तापानं बापूराव गेले. वय 34. इंद्रकुंडाजवळच्या सभागृहाला पलुस्करांचं नाव आहे, त्याच्यासमोरून मी कित्येकदा सायकल हाणत गेलो होतो. डोक्यात आरडी.

खुलासा झाल्यावर मात्र मी कडवा झालो. 1952 च्या 'बैजू बावरा'त नौशादांनी तानसेनासाठी अमीर खाँसाहेबांचा आवाज घेतला आणि बैजूसाठी बापूरावांचा. अकबराच्या दरबारात दोघांचा सामना होतो, गाण्यानं दगड वितळतो आणि बैजू जिंकतो. आता पटकथेत तसं लिहिलेलंच होतं, खाँसाहेबांची गायकी म्हणजे समुद्र, वगैरे सगळं मान्य. पण नाशिककराच्या दृष्टीनं घटना सरळ आहे. आमच्या माणसानं भर दरबारात तानसेनाला हरवलं. मामांचा यावर एकच आक्षेप असे. ते म्हणत, त्यात आग्र्याच्या उन्हाचाही हात असणार. आपल्या हवेत दगड वितळला असता तर खरं.

नाट्यसंगीतातही आम्ही असाच हक्क सांगतो. 1964 मध्ये 'मत्स्यगंधा' आलं आणि 1966 मध्ये 'ययाति आणि देवयानी'. एक वसंत कानेटकरांचं, दुसरं शिरवाडकरांचं. दोघेही नाशिकचे, पदंही त्यांचीच. संगीत दोन्ही नाटकांना जितेंद्र अभिषेकींचं आणि ती रंगमंचावर आणणारी संस्था दी गोवा हिंदु असोसिएशन. थोडक्यात, चाली गोव्याच्या असल्या तरी शब्द नाशिकचे. गोवेकर हेच वाक्य उलट्या क्रमानं म्हणतात.

रामदास कामतांनी ती पदं अशी गायली, की पुढची कितीतरी वर्षं आमच्याकडच्या प्रत्येक गणेशोत्सवात, प्रत्येक स्नेहसंमेलनात आणि बँकेच्या प्रत्येक निरोप समारंभात कुणीतरी कॅशिअर उठून ती म्हणायचा. वरच्या षड्जाशी त्याचा आवाज पोहोचत नसे. तेव्हा तो डोळे मिटून हात वर करी आणि हात पोहोचे. श्रोत्यांना तेवढं पुरत असे. मी ही पदं मूळ गायकाआधी या कॅशिअर मंडळींकडून ऐकली. त्यामुळे पहिल्यांदा रेकॉर्ड ऐकली तेव्हा ती उत्तम वाटली, पण काहीतरी कमी होतं. हात वर केलेला ऐकू येत नव्हता.

1990 मध्ये 'आशिकी' आला. ती कॅसेट मी विकत घेतली नाही, भरूनही आणली नाही. काकांनी ती भरली नसतीच. तरी तिच्यातली यच्चयावत गाणी मला पाठ आहेत, कारण त्या वर्षी शालिमार ते नाशिकरोड शेअर रिक्षानं जायचं म्हणजे ती ऐकणं भाड्यातच धरलेलं असे. रिक्षातला डेक बॅटरीच्या मनःस्थितीप्रमाणे फिरायचा. द्वारकेपर्यंत कुमार सानू काळी दोनमध्ये गात असला, तर उपनगर येईस्तोवर काळी पाचच्या पुढे गेलेला असे. मागे चौघे, पुढे ड्रायव्हरच्या दोन्ही अंगांना दोघे, कुणाची तरी मेथीची जुडी माझ्या मांडीवर, आणि प्रेमभंगाचं गाणं. विरह इतक्या दाटीवाटीनं मी पुन्हा कधी अनुभवला नाही.

'गारवा' हा अल्बम तेवढा मी माझ्या मनानं निवडला, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. मग एका जूनमध्ये पहिली सर आली आणि समोरच्या, मागच्या आणि वरच्या ब्लॉकमधून एकाच वेळी सौमित्रचे शब्द सुरू झाले, दोन-दोन सेकंदांच्या अंतरानं. आमच्याकडे गोदावरीचा पूर मोजायचं माप म्हणजे घाटावरचा दुतोंड्या मारुती. पाणी मारुतीच्या गुडघ्याशी आहे तोवर घरोघर 'गारवा' चालतो. कमरेला लागलं की मिलिंद इंगळेंचा आवाज बारीक केला जातो, बातम्या लागतात. छातीला लागलं की सराफ बाजार आणि भांडीबाजारातली माणसं माल हलवायला धावतात, आणि अशा वेळी पावसावर कविता म्हणणाऱ्या माणसानं घराबाहेर न पडलेलंच बरं.

ढोलाचा उल्लेख राहिला तर गावात राहू देणार नाहीत. नाशिक ढोल तुम्हाला आवडतो का, असं कुणी विचारत नाही. तो आधी बरगड्यांना ऐकू येतो, मग कानांना, आणि आवडीनिवडीचा प्रश्न मिरवणूक पुढच्या चौकात गेल्यावर उरला तर उरतो. पण आमच्या संगीतातला सगळ्यात लांब पोहोचलेला तोच. केरळात देवळांच्या उत्सवात, लग्नात तो 'नाशिक ढोल' याच नावानं वाजतो. कंपनीच्या कामासाठी कोचीला गेलो होतो. तिथल्या एका गंभीर, टक्कल पडलेल्या इंजिनिअर गृहस्थांनी 'नाशिक' शब्द ऐकताच दोन्ही हात हवेत उडवून टेबलावर ढोल वाजवून दाखवला. मी आपली द्राक्षं, कुंभमेळा, कुसुमाग्रज, विष्णु दिगंबर अशी तयारी करून गेलो होतो. सगळी वाया. मीटिंग संपेपर्यंत मी त्यांना ताशाची बाजू देत होतो.

आता काकांच्या दुकानात मोबाइलची कव्हरं मिळतात. मधल्या काळात एका तबकडीत दीड-दीडशे गाणी मावू लागली, मग नखाएवढ्या कार्डात हजार. उरलेली टेप हा प्रकारच संपला. त्या ॲपमध्ये तर आपण जे ऐकतो त्याच्याच जातीचं पुढचं येतं. आरडीनंतर आरडी, त्यानंतर आरडीच्या चाहत्यांचा आरडी. मधेच तंबोरा वाजत नाही. 'तू नाशिकचा ना?' असंही विचारत नाही. वास्तविक मी कुठे उभा आहे हे त्याला माझ्यापेक्षा नेमकं ठाऊक असतं.

म्हणून मी दिवाळीत पिंपळपारावरची पाडवा पहाट चुकवत नाही. तिथे यादी गायकाची. आपण भल्या पहाटे अभ्यंगस्नान उरकून, नवा झब्बा आणि त्यावर जुनं स्वेटर घालून सतरंजीवर बसायचं आणि मिळेल ते घ्यायचं. शेजारीही मिळेल तो. आलापाचे पहिले दोन स्वर येताच रागाचं नाव पुटपुटणारे एक असतात. पुढे नाव वेगळं निघालं तर "यातही त्याची छाया आहेच" म्हणतात. रुमाल टाकून अख्ख्या खानदानाची जागा धरणाऱ्या एक काकू असतात. समेच्या दोन मात्रा आधीच 'वाऽ' म्हणून मोकळे होणारे असतात. आणि एक आहेत मांडीवाले. पांढराशुभ्र झब्बा, कानात अत्तराचा फाया, दर्दी माणूस. ते ताल धरतात तो शेजाऱ्याच्या मांडीवर. त्रितालातली खाली आली की हात उचलतात, तेवढाच शेजाऱ्याला विसावा. त्यांच्या शेजारी बसायचा योग मला वारंवार येतो.

इथे आमच्या सोसायटीच्या वॉचमनबद्दल सांगणं भाग आहे. तो बागलाणचा. रात्री जेवण झालं की गेटपाशी खुर्ची टाकून मोबाइलवर अहिराणी गाणी लावतो. त्यात झुमका घातलेल्या एका पोरीचं आहे, ते तर रोजचं. मी सोसायटीच्या सभेत रीतसर तक्रार मांडली, ती इतिवृत्तात नोंदवली गेली. पुढच्या सभेच्या आत बायको कुकर लावताना तेच गुणगुणत होती.

"अगं, हे काय?"

"मला काय विचारता? तुम्ही दाढी करताना म्हणत असता, ते लागलं माझ्या तोंडाला."

तर गेल्या पाडव्याला पिंपळपारावर ललतातला विलंबित ख्याल चालला होता. गायक तबियतीत होता. एकताल इतका सावकाश, की एका आवर्तनात फराळ उरकून हात धुऊन समेला यावं. सगळे डोळे मिटून बसलेले. आणि माझी बोटं माझ्याच गुडघ्यावर त्या झुमक्याचा ठेका धरून बसली. मी मूठ आवळली, तर पायाचा अंगठा हलू लागला. शेजारी मांडीवाले. त्यांचा हात माझ्या मांडीवर विलंबितात थबकलेला, डोळे उघडे, नजर माझ्या अंगठ्यावर. आता हे भर मैफिलीत मला उठवणार, अशी माझी खात्री झाली. ते हळूच माझ्या कानाशी वाकले.

"याचं दुसरं कडवं येतं का हो तुम्हाला?" ते म्हणाले. "आमच्या वॉचमनचा मोबाइल नेमका तिथे बंद पडतो."